चौतीस घरं

साधना गेल्याचं भागवतला कुणी सांगितलंच नाही.

आषाढाचे दिवस होते. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती आणि भागवत पाठीवर पंप घेऊन सोयाबीनमध्ये फवारत होता. त्याचा मोठा भाऊ शेषराव शेताच्या धुऱ्यावर, बांधाला मोटरसायकल लावून पिकाच्या तासांमधून चालत आला.

"चाल," म्हणाला. "साधनाची तब्येत जरा जास्त हाय. वाशीमले नेलं तिले."

भागवतनं खांद्यावरचे पट्टे काढून पंप खाली ठेवला. शेषरावानं तो उचलला, स्वतःच्या पाठीवर घेतला आणि पुढं चालू लागला. पंपात अर्धं औषध शिल्लक होतं. ते त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर झिरपत होतं, तरी तो काही बोलला नाही. जन्मात या भावानं भागवतचं ओझं उचललं नव्हतं. वांगी चिरता चिरता चुलीपुढं कोसळलेली साधना वाशीमच्या वाटेवरच संपली होती. भागवतला ते त्या पंपावरून कळलं.

आसेगावात रीतच तशी. मेलेल्या माणसाला कुणी एकदम मेलं म्हणत नाही. तब्येत जास्त हाय म्हणायचं, गाडीवर बसवायचं आणि ऐकणाऱ्यानं वाटेत आपलं आपण समजून घ्यायचं.

पाचव्या दिवशी साधनाचा फोन वाजला. भागवत भिंतीला टेकून बसला होता. फोनवर 'ज्योत्स्नाताई पुणे' असं नाव होतं. त्यानं उचलला.

"साधना, अगं पाच दिवस झाले! आहेस कुठं तू?"

भागवतनं तोंड उघडलं. मग बंद केलं. पलीकडून हॅलो हॅलो चाललं होतं. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या आईनं, पंचफुलाबाईनं, त्याच्या हातातून फोन घेतला.

"बाई, माही सून वारली," ती म्हणाली. "शुक्रवारी. हा तिचा नवरा हाय, त्याले बोलता येऊन नाई राह्यलं."

पलीकडं ती बाई रडायला लागली. न पाहिलेल्या बाईसाठी एवढं रडणारं माणूस पंचफुलाबाईनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं फोन परत भागवतच्या हातात दिला.

ज्योत्स्नाताई पुण्यात म्हाताऱ्या आजारी माणसांच्या घरी सेवेला बायका पाठवत. चौतीस घरं आणि चौतीस बायका. साधना आसेगावात बसून त्या सगळ्यांचा मेळ घालायची. सकाळी सहापासून फोन, कोण निघाली, कोण पोचली, कुणाचं पोर आजारी, कुणाच्या जागी कोण, मग घरच्यांना निरोप, आणि शेवटी फोनमधल्या तक्त्यात नोंद. तिनं फोनवरच त्याचं शिक्षण घेतलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर 'व्हर्च्युअल असिस्टंट' असं लिहून खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं. ती कुणाची नोकर नव्हती. पुढं आणखी दोन-चार जणांचं काम धरायचं असं तिच्या मनात होतं. त्यातलं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि दोनच महिने झाले होते.

"भाऊ, अशा वेळी विचारू नये," ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "पण तिची वही आहे का तिथं? दोन बायकांच्या घरांचा पत्ताच लागत नाहीये मला."

भागवतनं फडताळातून वही काढली. पान उलटून वाचू लागला. प्रत्येक बाईपुढं साधनानं चार शब्द लिहून ठेवले होते. हिला बस बदलावी लागते. हिच्याशी आधी पोराचं बोलावं, मग कामाचं. ही 'येते' म्हणाली की अर्धा तास धरावा. वाचता वाचता त्याला साधनाचा आवाज ऐकू येऊ लागला. त्या दिवशी तो वीस मिनिटं वाचत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, पुन्हा वाचलं. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, तुमाले चालत असंल तर मी करून पाहतो. बारावी झालो हाय मी."

"दोन महिने बघू," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

शेषरावाला हे पटलं नाही. त्याचा मेहुणा चाकणला कंपनीत चौकीदार होता आणि तिथं आणखी एक जागा होती.

"वावर बटईनं दे, अर्ध्या वाट्यानं, अन् जाय त्याच्यासंगं," शेषराव म्हणाला. "इथं काय हाय आता तुले? अडीच एकर अन् एक म्हातारी. म्हातारी माह्याकडं राहीन."

"मी काय गठुडं हाय काय, याच्याकडून त्याच्याकडं ठेवाले?" पंचफुलाबाई आतून म्हणाली.

"मले काम हाय दादा," भागवत म्हणाला.

"कोनतं काम? साहेब दिसत नाई, हापिस दिसत नाई, हजेरी नाई. बायकाईले फोन लावाचं काम! मानसाचं काम हाय काय ते?"

"साधना करत होती."

"तेच तर म्हनून राह्यलो मी."

शेवटी ठरलं असं, की भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, मेहुणा गावी येईल आणि त्या झाल्या की परत जाईल, तोवर पाहायचं. तोवर जमलं नाही तर भागवतनं मुकाट्यानं पिशवी भरायची.

फोनची रेंज घरात येऊन-जाऊन असे, पक्की होती ती गोठ्यात, गव्हाणीच्या उजव्या अंगाला. साधना तिथं खुर्ची टाकून बसायची. भागवतला खुर्चीत बसवेना. तो घमेलं उलटं घालून त्यावर बसू लागला. पहाटे बैलांना वैरण टाकली की फोन सुरू.

पहिले आठ दिवस त्याची फटफजिती झाली. औषधानं आणि मातीनं त्याच्या अंगठ्यांना भेगा पडल्या होत्या, फोनला त्याचं बोट कळतच नव्हतं. एका घरापुढं 'पोचली' लिहायचं ते भलत्याच घरापुढं जायचं. मग त्यानं करंगळी वापरून पाहिली. करंगळीला फारसं काम नसतं, तिची कातडी मऊ राहिली होती. तेव्हापासून चौतीस घरांचा सगळा तक्ता भागवत एका करंगळीनं भरत असे.

बायकाही आधी बोलत नसत. पुरुषाचा आवाज ऐकून फोन ठेवून देत. एक तर म्हणाली, "परत लावशीन तर पोलिसात देईन." बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली की काहींना नवल वाटायचं.

"तिथं देऊळ हाय काय जी?"

"नाई बाई. बैल हाय. खाजवून राह्यला."

त्यावर ती बाई हसली, आणि हसली म्हणून पुढं बोलली. त्या चौतीस जणींमध्ये निम्म्याहून जास्त वाशीम, यवतमाळ, बुलडाण्याकडच्याच होत्या, पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेल्या. कुणाला गावाकडचं बोलणं ऐकून बरं वाटे, कुणी नुसतं पाऊस किती झाला ते विचारी.

पानठेल्यावर मात्र लोकांना विषय मिळाला. भागवत दिसला की कुणीतरी कानाला हात लावून बारीक आवाजात म्हणे, "हॅलो, पोचल्या काय वं बाई?" भागवत सुपारी घेई आणि चालू लागे. सकाळी नऊपर्यंत फोन, मग बैल जुंपून पिकात डवरा, दुपारी पुन्हा एक फेरी फोनची, मग निंदण. साधना असती तर निंदणाला दोन हात जास्त असते. खालच्या पट्ट्यातलं गवत त्याच्या हाताबाहेर चाललं होतं.

श्रावण लागता लागता त्याच्या हातून चूक झाली.

सकाळी साडेपाचला एका घरून फोन आला. मुलगा बोलत होता. "आमचे बाबा पहाटे गेले. बाईंना सांगा, आज येऊ नका."

त्या घरी मूळची मानोऱ्याची अन्वरी जात असे. आठ महिने ती त्या म्हाताऱ्याला भरवत होती, पुसत होती. भागवतनं तिला फोन लावला आणि तोंडातून आलं ते आसेगावचं.

"अन्वरीआपा, बाबाईची तब्येत जरा जास्त हाय."

"या अल्ला! निघतेच मी, भाऊ," ती म्हणाली, आणि फोन बंद. भागवतला वाटलं, समजली. समजलेलं माणूस असंच बोलतं. पण अन्वरी बारा वर्षं पुण्यात होती. तिथं तब्येत जास्त म्हणजे तब्येत जास्त. ती रिक्षा करून धावत गेली, दवाखान्यात न्यायला लागेल म्हणून सोबत धुतलेले कपडे घेतले, आणि दार उघडं पाहून थेट आत गेली. म्हाताऱ्याला जमिनीवर ठेवलेलं होतं. पाहुणे बसले होते. ती हातात पिशवी घेऊन मध्येच उभी राहिली, आणि कुणीतरी म्हणालं, "हिला कुणी बोलावलं आत्ता?"

दहा वाजता ज्योत्स्नाताईंचा फोन आला. "एक साधा निरोप होता भाऊ. माणूस गेलं, येऊ नका. त्या घरच्यांनी मला काय काय ऐकवलं! हे असं असेल तर कसं चालणार?"

भागवतनं डवरा जुंपला, पिकाची दोन तासं काढली, मग बैल तिथंच उभे करून धुऱ्यावर आला आणि गावाकडच्या उंचवट्यावर जाऊन अन्वरीला फोन लावला.

"भाऊ, तुमी मले साफ काहून नाई सांगतलं?" ती रडत नव्हती, पण आवाज घोगरा झाला होता. "मी रस्त्यानं दुआ मागत गेली, की बाबा वाचू दे. अन् तुमाले मालूम होतं."

"चुकलो, आपा."

"साधनाताईनं असं नसतं केलं. द्या तिच्याजवळ फोन. महिना होत आला, तिचा आवाज नाई. तब्येत बरी नाई म्हनता, कवा बरी होईन ते सांगा."

भागवतनं तिलाही तेच सांगून ठेवलं होतं. सगळ्यांनाच. तो ढेकळावर बसला. त्याच्या पायाशी निंदून टाकलेलं गवत वाळत होतं.

"आपा," तो म्हणाला, "साधना वारली. आषाढात. डोक्यातली नस फुटली. वाशीमपर्यंत पोचली नाई."

एवढ्या दिवसांत हे त्यानं स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा सांगितलं. सांगून झाल्यावर आभाळ होतं तिथंच होतं. अन्वरी म्हणाली, "अल्ला तिले जन्नत देवो. भाऊ, तुमी जेवले काय?"

"नाई."

"जेवा मंग. उद्या मले दुसरं घर सांगा."

त्या दिवशी भागवतनं वहीत स्वतःच्या हातानं पहिली ओळ लिहिली. 'मरण असल्यास मरण म्हणून सांगणे.' एकेका बाईला फोन करून त्यानं साधनाचंही खरं सांगितलं. तीन दिवस लागले. त्यानंतर एकीनंही त्याचा फोन मध्ये ठेवला नाही.

पोळ्याच्या आधी एका सकाळी पंचफुलाबाई गोठ्यात आली. हातात शेणाची पाटी होती.

"औंदा महालक्ष्म्या शेषरावाकडंच बसवू म्हंते," ती म्हणाली. "आपल्या घरी सुनबाई नाई. कोन करीन सोळा भाज्या? माह्यानं पुरन वाटनं होत नाई."

"बसवा तिकडंच."

"साधना कुठंबी असो, महालक्ष्मीले घरी यायचीच. लग्नाच्या पयल्या वर्षी तर ताप होता अंगात, तरी माहेरून निघून आलती. बाई मानूस थांबतच नाई त्या तीन दिवसांत."

ती गेली. भागवत करंगळीनं तक्ता भरत होता, तो मध्येच थांबला. त्यानं वही उघडली आणि चौतीस नावं वाचली. मग ज्योत्स्नाताईंना फोन लावला.

"ताई, मागच्या साली महालक्ष्म्यांमध्ये काय झालतं?"

पलीकडून मोठा श्वास आला. "गौरीत? नका आठवण काढू. तेरा बायका न सांगता गावी गेल्या. सगळ्या म्हणाल्या होत्या, आम्ही नाही जाणार. एक आजोबा दिवसभर ओल्या अंथरुणात पडून होते. सात घरं तुटली माझी. यंदा तसंच झालं तर मी हे सगळं बंद करणार आहे, भाऊ. तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

म्हणजे दोघांचंही दान एकाच दिवसावर लागलं होतं.

भागवतनं त्याच दिवशी फोन सुरू केले. पहिल्या पाचजणींना सरळ विचारलं, जाणार काय? पाचही जणी म्हणाल्या, नाई जी, आमी कायले जातो. पगार कापतील म्हणून खोटं बोलत होत्या. सहाव्या बाईला त्यानं वेगळं विचारलं.

"काकू, तुमच्या घरच्या महालक्ष्म्या खड्याच्या की मुखवट्याच्या?"

"मुखवट्याच्या!" काकू ताडकन म्हणाली. "पितळी हायत, माह्या आजसासूच्या. नाकात नथ हाय दोघीच्याही. मधल्या दिवशी साठ पान उठते आमच्या घरी. मागच्या साली जाऊनं कढी नासवली, म्हनून औंदा कढी मी..." आणि मग तिला समजलं आपण काय बोललो.

"जा, काकू," भागवत म्हणाला. "कढी तुमीच करा. फक्त किती तारखेले निघता अन् कवा येता तेवढं सांगा. तुमच्या जागी मी मानूस पाहतो. पगाराचं मी ताईशी बोलतो."

स्वतःच्या घरच्या महालक्ष्म्यांचं विचारल्यावर गप्प बसेल अशी बाई वऱ्हाडात जन्मली नाही. चार दिवसांत सगळं बाहेर आलं. पहिल्या पाचजणींनाही पुन्हा विचारलं, त्यातल्या तिघी निघाल्या. यंदाही आकडा तेराच.

आता तेरा घरं भरायची होती. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या नसतात अशांची त्यानं वेगळी यादी केली. अन्वरी आणि तिची बहीण यूसरा दोघी दोन दोन घरं करायला तयार झाल्या.

"पन ईदले मले सुट्टी पायजे," अन्वरी म्हणाली. "अन् तोंडी नाई. लिहून पायजे."

भागवतनं लिहून पाठवलं. आणखी सातजणी तयार झाल्या. कुणाला दिवाळीची सुट्टी हवी होती, कुणाला भावाच्या लग्नाची, तेही लिहून दिलं. उरली चार घरं. तिथल्या लोकांना त्यानं स्वतः फोन केला आणि आठ दिवस आधी सरळ सांगितलं, तीन दिवस बाई येणार नाही, घरचं कोण थांबेल ते ठरवा. दोघांनी आरडाओरडा केला. भागवतनं ऐकून घेतलं. ओरडून झाल्यावर चारही घरांनी आपापली माणसं ठरवली.

महालक्ष्म्या आल्या. मधल्या, जेवणाच्या दिवशी शेषरावाच्या घरात सकाळपासून पुरणाचा वास होता. भागवत आपल्या गोठ्यात घमेल्यावर बसला होता. भुरभुर पाऊस चालला होता आणि कौलातून एक थेंब त्याच्या मानेवर पडत होता. सात वाजेपर्यंत बत्तीस घरांची माणसं पक्की झाली. दोन राहिली. त्या दोन्ही घरी जाणारी बाई रात्रीपासून तापानं फणफणली होती.

यूसराचं पहिलं घर नऊला सुटत होतं आणि दुसरं दुपारी होतं. "साडेनऊले तिसरं एक घेशीन काय, बाई?" "घेते, भाऊ. पन रिक्षाचं पाहा." एक घर झालं. दुसरं होतं एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं. घरी फक्त मुलगा होता, बँकेतला मोठा साहेब.

"मला काही येत नाही हो," तो म्हणाला. "मी कधी केलेलं नाही. आई पण लाजते आहे."

"साहेब, फोन मोठ्यानं लावा अन् बाजूले ठेवा," भागवत म्हणाला. "पानी कोमट घ्या. आधी तिच्या डोळ्याले फडकं लावा, म्हंजे लाज वाटनार नाई. आता एका अंगावर करा. ओढू नका. खांदा अन् कंबर, दोनीकडं हात."

हे सगळं त्या चौतीस जणींनीच दीड महिन्यात त्याला बोलता बोलता सांगितलं होतं. शेषराव त्याला आरतीला बोलवायला आला होता. तो गोठ्याच्या दारात थांबून ऐकत होता. फोनमधून म्हातारीचा आवाज आला, "अरे, किती वर्षांनी हात लावलास मला." मग फडकं पिळल्याचा आवाज आला. भागवतनं करंगळीनं चौतिसाव्या घरापुढं खूण केली.

"झालं काय?" शेषरावानं विचारलं.

"झालं. चौतीस."

"चाल मंग. आरती थांबली हाय तुह्यासाठी."

तीन दिवसांत एकही घर उघडं पडलं नाही. चौथ्या दिवशी ज्योत्स्नाताईंनी फोन केला तेव्हा शेषराव आणि चाकणचा मेहुणा दोघंही ओसरीवर चहा पीत होते. भागवतनं फोन मोठ्यानं लावला.

"भाऊ, सात वर्षांत पहिल्यांदा मी गौरीत जेवायला बसले. तुम्ही पुण्याला या. ऑफिसात टेबल देते, राहायची सोय करते. मॅनेजर म्हणून या."

मेहुण्यानं कप खाली ठेवला. शेषरावाचा चेहरा उजळला. "हो म्हन, हो म्हन," तो हातानं खुणावू लागला.

"ताई, मी इथूनच करीन," भागवत म्हणाला. "अन् मॅनेजर नको. साधना जसं करत होती तसंच. माह्या कामाचा करार करू, तुमी अन् मी. अन् दुसरं कोनाचं काम घेतलं तर तुमी मनाई करायची नाई."

ज्योत्स्नाताई हसल्या. "साधनानंही पहिल्या दिवशी अगदी हेच सांगितलं होतं मला. ठीक आहे. आणि दुसरं काम मीच देते. नागपूरला माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे वीस बायका आहेत. तुमचं नाव सांगू?"

"सांगा. भागवत, आसेगाव."

मेहुणा संध्याकाळच्या गाडीनं एकटाच गेला. शेषराव मात्र बराच वेळ बसून राहिला.

"त्या साहेबाले धुवाले शिकवून राह्यला होता तू," तो शेवटी म्हणाला. "आपल्या बापाले मी एकदाबी नाई पुसलं. सगळं तूनं केलं."

"तुले रक्त पाहून चक्कर येत होती दादा."

"रक्त कुठं होतं? नुसता म्हातारा होता," शेषराव म्हणाला, आणि दोघंही हसले. आतून पंचफुलाबाई ओरडली, "काय दात काढून राह्यले रे? वावराकडं पाहा जरा!"

भागवत उठून वावराकडं गेला. पाऊस थांबला होता. सोयाबीनचा वरचा पट्टा पिवळा पडत चालला होता आणि शेंगा दाणा भरून फुगल्या होत्या. आठ-दहा दिवसांत कापणीला येणार. त्यानं एक शेंग फोडून दाणा दातानं चावून पाहिला. गावातल्या सगळ्यांनी आपापल्या कापणीची माणसं केव्हाच ठरवून ठेवली होती.

पुण्याची चौतीस घरं भरून झाली होती. स्वतःच्या अडीच एकराला मजूर सांगायचे राहिले होते.